मागच्या भिंतीवरचा जिना

डोंगरकाकांनी जन्मभर डोंगर केले. खरे नव्हेत, टेबलावरचे. पण ते करताना चेहरा असा काही गंभीर असायचा, की बघणाऱ्याला वाटावं, खऱ्या डोंगरांचंही यांच्यावाचून अडलंय. लष्करी अधिकाऱ्यांच्या शाळेत एका लांबलचक दालनाच्या मधोमध भलंमोठं टेबल होतं, चारी बाजूंनी फळ्या ठोकलेलं आणि वाळूने भरलेलं. त्या वाळूवर काका भुसा, डिंक, जुनी गोणपाटं आणि प्लास्टर घेऊन युद्धाचा मुलूख उभा करायचे आणि मी तो रंगवायची. डोंगर तपकिरी, झाडी हिरवी, नदी निळी. म्हणून ते डोंगरकाका आणि मी रंगूबाई. आमची खरी नावं पगाराच्या दिवशीच बाहेर निघायची.

मुलूख तयार झाला की अधिकारी लांब काठ्या घेऊन टेबलाभोवती उभे राहायचे आणि लढाई सुरू व्हायची. एक गट आपला, एक गट शत्रूचा. आमचा शत्रू फार शिस्तीचा होता. नेहमी उत्तरेच्या खिंडीतूनच यायचा, वर्षानुवर्षं, दुसरी वाट जणू त्याला ठाऊकच नव्हती. खिंडीखालच्या गावातली घरं म्हणजे लाकडाचे भरीव ठोकळे. मी एकदा हौसेने एका ठोकळ्यावर दार रंगवलं, तर काका म्हणाले, "दार कशाला गं? तोफेला काय दार लागतं?" मी मुकाट्याने दारावरून पांढरा हात मारला.

त्या दालनात एक रीत होती. अधिकाऱ्यांनी टेबलावरच्या वस्तूला हात लावायचा नाही, कारण पूर्वी त्यांनी पुष्कळ मोडतोड करून ठेवली होती. एखादा पूल किंवा चौकी शत्रूच्या हाती पडली की पंच नुसतं "गेला" म्हणायचे. मग काका पुढे व्हायचे, ती वस्तू उचलायचे आणि बाजूच्या मेजावर ठेवायचे. जेवण झाल्यावर ताटं उचलावीत तितक्या सहज. किती पूल गेले, किती गावं गेली, काकांच्या कपाळावर कधी आठी दिसली नाही. संध्याकाळी पुन्हा सगळं जागच्या जागी.

घरी काका आणि त्यांची लेक, दोघंच. काकू मुलगी लहान असतानाच गेल्या, तेव्हापासून वेणी घालण्यापासून गणित घेण्यापर्यंत सगळं काकांनीच केलं. गणित बेताचंच राहिलं, पण वेण्या सुरेख यायच्या, त्यांच्या हाताला सवय ना तशा कामाची! पुढे ती नर्स झाली आणि शहरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात लागली, तिसऱ्या मजल्यावर, मुलांच्या वॉर्डात. काका तिला घरीही 'सिस्टरबाई' म्हणायचे. ती संध्याकाळी विचारायची, "काय बाबा, आज कोण जिंकलं?" आणि हे म्हणायचे, "आपणच. पण वाळू फार सांडली." दोन खोल्यांच्या घरात ते दोघं इतके खुशीत असायचे, की मला कधीकधी हेवा वाटायचा.

मग दूर कुठल्यातरी देशात एका स्टेशनात माणसं मारली गेली. त्यानंतर आणखी एका देशात हॉटेलात. आणि एका सकाळी आमच्याच शहरात, बाजाराच्या चौकात. मारणारे चार देशांतून आलेले, पैसा पाचव्या देशातला, हुकूम देणारा कुठे बसलाय ते आजवर कुणाला कळलेलं नाही. वर खूप बैठका झाल्या आणि देशाचं संरक्षणाचं धोरण बदलायचं ठरलं. आमच्या शाळेत नवे संचालक आले. आम्ही त्यांना नवे साहेब म्हणायचो, ते जुने झाले तरी.

नव्या साहेबांनी सगळ्यांना दालनात बोलावलं, अगदी आम्हालाही. माणूस वाईट नव्हता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, आवाज बसलेला. म्हणाले, "शत्रू आता गणवेश घालून खिंडीतून येणार नाही. तो तिकीट काढून येईल. तुमच्या शेजारी रांगेत उभा राहील." मग टेबलाकडे बोट दाखवून म्हणाले, "ही वाळू काढा."

दोन माळ्यांनी ती वाळू ढकलगाडीत भरून बागेत नेऊन टाकली. त्यात माझ्या निळ्या नदीचे तुकडे दिसत होते. काका दाराशी उभे होते. मी म्हटलं, "काका, चला, चहा घेऊ." ते म्हणाले, "उत्तरेच्या डोंगराचं माथं नेमकं जमायला मला किती वर्षं लागली होती, माहितीये?" मला माहीत होतं. पण चहा निवत होता.

त्यानंतर आमच्या टेबलावर शहर आलं. आधी स्टेशन, मग बाजार, मग रुग्णालय. आता दारंच दारं! खिडक्या, कड्या, जिने, कुठलं दार आत उघडतं आणि कुठलं बाहेर, सगळं हवं. काकांनी इमारतींचे मजले असे केले की जेवणाच्या डब्याच्या कप्प्यांसारखे एकावर एक बसावेत आणि हवा तो मजला उचलून आत बघता यावं. काम अप्रतिम झालं. पण रुग्णालय करायला घेतलं तेव्हापासून काकांचं बोलणं आटलं. तिसऱ्या मजल्यावरच्या त्या वॉर्डात त्यांनी खाटा केल्या, औषधांचं कपाट केलं, आणि खिडकीजवळ एक टेबल केलं. टेबल आराखड्यात नव्हतं. मी विचारलं, "हे काय?" म्हणाले, "सिस्टर तिथे बसते."

पहिला सराव झाला तो मला जसाच्या तसा आठवतो. लाल टाचण्या म्हणजे अतिरेकी. मुलांचा वॉर्ड मजल्याच्या टोकाला, आणि वर जायला-यायला इमारतीच्या मधोमध एकच जिना. शत्रूच्या गटाने तो जिना धरला आणि संपलं. आपल्या गटाने खालून जोर लावला, छपरावरून उतरून पाहिलं, वाटाघाटी करून पाहिल्या. शेवटी पंच म्हणाले, "तिसरा मजला गेला."

कुणी हलेना. सगळे काकांकडे बघायला लागले. काका पुढे झाले, वरचे मजले काढले, तिसरा मजला दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूच्या मेजावर ठेवला. खिडकीजवळचं ते इवलंसं टेबल कलंडलं होतं. ते त्यांनी बोटाने सरळ केलं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. गट बदलले, अधिकारी बदलले, तरी तिसरा मजला जायचाच. काही जण तर तो आधीच सोडून द्यायला लागले. एक मेजर म्हणाला, "तिसऱ्यावर वेळ घालवला की दुसरा आणि चौथा दोन्ही जातात. तिसरा गेला असं धरून चालू." गैर काहीच बोलला नव्हता, हिशेब बरोबर होता. मी मात्र हातातला ब्रश आपटून बाहेर गेले. अशा बरोबर हिशेबांची मला चीड येते.

काका घरी जाऊन लेकीला काय सांगणार? दालनातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही, अशी आम्ही सगळ्यांनी शपथ घेतलेली. मग ते तिला नुसतं म्हणायला लागले, "सिस्टरबाई, बदली मागून घे ना. तळमजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे, चांगला आहे." ती म्हणायची, "बाबा, म्हातारपणी तुम्हाला झालंय काय?" बदलीचा विषय रोज निघायचा आणि रोज भांडणाने संपायचा. ज्या घरात कधी आवाज चढला नव्हता, तिथे आता भांडी आपटायला लागली.

मग एकदा रुग्णालयाची प्रतिकृती डागडुजीला आमच्या खोलीत आली. काका दोन दिवस एकटेच तिच्याशी खुडबुड करत होते. नंतर मला म्हणाले, "रंगूबाई, मागच्या भिंतीवर लोखंडी जिना आहे, तो काळा रंगव." मी बघितलं. तारेचा, नाजूक, नागमोडी जिना थेट मुलांच्या वॉर्डापर्यंत चढत गेलेला आणि वर एक छोटं दार. मी त्या रुग्णालयाच्या मागे कधी गेलेली नाही. आजारी माणूस पुढच्या दाराने जातो. मी काळा रंग कालवला, जिना रंगवला, वर थोडा गंजही दाखवला. काका म्हणाले, "गंज कशाला? नवाच आहे."

पुढच्या सरावात तोच मेजर टेबलाभोवती फिरत मागच्या बाजूला आला आणि थबकला. "अरे, इथे जिना आहे! आपण आजवर बघितलाच नाही?" मग काय विचारता! आपल्या हिरव्या टाचण्या मागून वर चढल्या, मुलं त्याच वाटेने खाली, शत्रू मधल्या जिन्यावर तोंड पुढे करून बसलेला. पंचांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "तिसरा मजला राहिला."

टाळ्यांनी दालन दणाणून गेलं. नव्या साहेबांना मी तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. काकांनी त्या दिवशी सगळ्यांना स्वतः चहा पाजला, माळ्यांनाही. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

हा आनंद महिनाभर टिकला. एके दिवशी लाकडी खोकं आलं. प्रतिकृती राजधानीला जाणार होती. नव्या धोरणात 'रुग्णालयांचा बचाव' असं एक प्रकरण घालायचं ठरलं होतं आणि आमचा सराव हा त्याचा नमुना. खोक्यात भुसा भरता भरता काका एकदम खाली बसले.

"रंगूबाई," ते म्हणाले, "तो जिना नाहीये."

"कुठला जिना?"

"मागचा. तिथे नुसती भिंत आहे. मीच केला तो. मला तो मजला परत परत उचलवेना गं. वाटलं, एकदा तरी तिथेच राहू दे. एकदाच."

मी त्यांच्यावर इतकी ओरडले की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. वयाने वडिलांसारखा माणूस, पण मी म्हटलं, "अहो काका, अक्कल गहाण टाकली होती का? उद्या खरंच काही झालं, तर जवान त्या जिन्याच्या भरवशावर जातील ना!" ते म्हणाले, "म्हणून तर सांगतोय." त्या माणसाने कधी तारसुद्धा वाकडी लावली नव्हती. मला रडू आलं आणि त्याचा आणखी राग आला.

काका सरळ नव्या साहेबांकडे गेले. नोकरी जाईल, कदाचित तुरुंगही, हे धरूनच गेले. मी बाहेर बाकावर बसले होते. साहेबांनी सगळं ऐकलं आणि उठून दार लावून घेतलं. काका बाहेर आले ते बुचकळ्यात पडल्यासारखे.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, जिन्याचं विसरा. प्रकरण मंजूर झालंय. चार खात्यांच्या सह्या झाल्यात. आता मागे घेतलं तर बाकीचं धोरणही अडकेल. आणि म्हणाले, तत्त्व महत्त्वाचं, जिना काय, बांधून घेता येईल."

"बांधणार आहेत?"

"रुग्णालयाला लिहितो म्हणाले."

काकांनी त्या शब्दावर जीव टांगून ठेवला. रोज सकाळी लेकीला सोडायच्या निमित्ताने रुग्णालयात जायचे आणि मागच्या बाजूला चक्कर मारायचे. एकदा मीही गेले. उंच, करडी, सपाट भिंत. खाली मोडक्या खाटांचा ढीग. तिसऱ्या मजल्यावर एक खिडकी. मी रंगवलेल्या जिन्याची जागा मला डोळे मिटून दाखवता आली असती.

एक दिवस तिथे खरंच परांची दिसली. काका धावत माझ्याकडे आले, "आले, आले, माणसं आली!" आम्ही दोघं गेलो. गवंडी खिडकीला जाड गज बसवत होते. रुग्णालयाचा इंजिनियर खाली उभा होता. काकांनी विचारलं, "आणि जिना?"

"कसला जिना?" तो म्हणाला. "अहो, वरून सक्त हुकूम आहे. नवं धोरण आलंय ना. इमारतीला शक्य तितक्या कमी वाटा ठेवायच्या. नवीन दार नाही, जिना नाही, असलेल्याही बुजवायच्या. अतिरेक्यांना आत शिरायला जागाच नको."

"पण त्याच धोरणात मागचा जिना आहे," काका म्हणाले.

"ते दुसरं प्रकरण असेल. आमच्याकडे इमारतीचं प्रकरण आलंय." तो माणूस साधाच होता. त्याने काकांना पाणी दिलं. "बाबा, घरी जा. ऊन आहे."

एकाच कार्यालयातून निघालेली ती दोन प्रकरणं. एकाने मुलांना जिन्यावरून उतरवायचं ठरवलं आणि दुसऱ्याने जिना बांधायला बंदी केली, आणि दोन्ही आपापल्या जागी शहाणी. मी तेव्हापासून शहाणपणाला जरा बिचकूनच असते.

काका पुन्हा नव्या साहेबांकडे गेले. साहेबांची बदली झाली होती. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांनी विचारलं, "कुठलं रुग्णालय?"

मग काकांनी शपथ मोडली. घरी लेकीला बसवून सगळं सांगितलं, टाचण्या, मजला, जिना, सगळं. तीच नंतर मला म्हणाली, "बाबांना इतकं रडताना मी आई गेली तेव्हाही पाहिलं नव्हतं." पुढचं बोलणं तिने मला सांगितलं ते असं.

"आता तरी बदली माग," काका म्हणाले.

"मी गेले तर त्या टेबलाशी दुसरी कुणीतरी बसेल ना, बाबा."

"बसू दे."

"तिलाही वडील असतील."

मग तिनेच त्यांचे डोळे पुसले आणि म्हणाली, "बरं, जिना निदान रुंद तरी केलात का? एकेका पोराला सलाइनसकट उचलून उतरायचं म्हणजे..." आणि हसली. त्या मुलीला हसू कुठून येतं मला कळत नाही. काकांनी तिचा हात धरून ठेवला आणि बदलीचा विषय पुन्हा कधी काढला नाही. तिचीही बदली झाली नाही, कारण तिने मागितली नाही.

पुढच्या वर्षी धोरणाचा खरा सराव ठरला, रुग्णालयातच. सकाळची वेळ. मागच्या पटांगणात पाहुण्यांसाठी मांडव, खुर्च्या, थंड पाणी. मोडक्या खाटा उचलून नेल्या होत्या. पुढे टेबलावर आमची प्रतिकृती, राजधानीहून परत आलेली. ती मांडायला काका आणि मी. पाहुण्यांना एकाच वेळी दोन्ही दिसत होतं, समोर जिन्याचं रुग्णालय आणि त्याच्या मागे बिनजिन्याचं. कुणीही काही विचारलं नाही. मला वाटलं होतं, एखादा तरी विचारेल.

भोंगा वाजला. काळ्या कपड्यांतली तुकडी धावत आली आणि भिंतीपाशी येऊन थांबली. तोच मेजर, आता बढती मिळालेला, कर्ण्यातून ओरडला, "जिना आहे असं समजा!" आणि ती धिप्पाड माणसं भिंतीकडे तोंड करून जागच्या जागी पाय आपटायला लागली. तीन मजले चढायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ त्यांनी पाय आपटले, प्रामाणिकपणे, घाम येईपर्यंत. मग वळले आणि उतरायला लागेल तेवढा वेळ पुन्हा आपटले, दोन्ही हात पुढे धरून, कारण आता त्यांच्या हातांत मुलं होती.

मी वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावरच्या गजांमागे आमची सिस्टर उभी होती. कडेवर एक पोरगं. ते सगळं गमतीनं बघत होतं आणि खालच्या जवानांना हात हलवून दाखवत होतं.

पंच म्हणाले, "तिसरा मजला राहिला. सर्व मुलं सुरक्षित." टाळ्या वाजल्या.

तेव्हा काका पुढे झाले. मी त्यांना धरायला गेले पण उशीर झाला होता. त्यांनी प्रतिकृतीचे वरचे मजले काढले, तिसरा मजला दोन्ही हातांनी उचलला आणि बाजूच्या मेजावर, पाण्याच्या पेल्यांशेजारी ठेवला. जन्मभर ठेवत आले तसाच. टाळ्या थांबल्या.

नव्या साहेबांच्या जागी आलेले साहेब जवळ आले. ओरडले नाहीत. काकांच्या खांद्यावर हात ठेवून हलक्या आवाजात म्हणाले, "अहो, तो राहिलाय. तुम्ही ऐकलं नाहीत का? परत ठेवा."

मला वाटलं, आता काका बोलतील. एवढी सगळी मोठी माणसं समोर, कर्णा शेजारी. बोला ना हो, असं मी मनात ओरडत होते. काकांनी वर खिडकीकडे एकदा बघितलं. मग मजला उचलला, जागेवर बसवला, चारी कोपरे नीट जुळले का ते बोटाने तपासलं आणि त्याच्यावर उरलेले मजले चढवले. कुणीतरी पुन्हा टाळ्या सुरू केल्या.

पाहुणे चहाला गेले. आम्ही प्रतिकृती खोक्यात भरली, आणि काका लेकीची वाट बघत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. तिची सकाळची पाळी संपली होती. पण पाहुण्यांच्या सुरक्षेसाठी मधला जिना बंद ठेवला होता, त्यामुळे ती आणि वाचलेली मुलं दुपार कलेपर्यंत वरच होती.